अपेक्षित उत्तराचा रकाना

चिट्याल मॅडमनी कुणाला "शाबास" म्हटलेलं मी दोन वर्षांत एकदाच ऐकलं, आणि तेही एका चुकलेल्या उत्तराला. ते उत्तर माझं नव्हतं. माझी उत्तरं तेव्हा सगळी बरोबर असायची, आणि मॅडमना माझा राग येण्याचं तेच मोठं कारण होतं.

आम्ही बी.एड.ला होतो. तिथं प्रत्येकाला आपापल्या विषयाची 'अध्यापन पद्धती' घ्यावी लागते. म्हणजे तुम्हाला गणित येतं एवढ्यानं भागत नाही. ते पोरांना शिकवायचं कसं, हे वेगळं शिकायचं. विद्यापीठातल्या आमच्या विभागात मराठी आणि इतिहास पद्धतीला बसायला बाक पुरत नसत. गणित पद्धतीला आम्ही मोजून सात जण. त्यामुळं गणिताच्या वाट्याला जिन्याखालची खोली आली होती. वरून कुणी पळत गेलं की आमच्या फळ्यावर खडूची भुकटी पडायची. मराठीवाले आम्हाला 'तळघर' म्हणायचे, आणि आम्हाला त्याचा उगाचच अभिमान वाटायचा.

मॅडम बुटक्या, सावळ्या. सुती साडी घोट्याच्या वर, खांद्याला चादरीच्या कापडाची शिवलेली पिशवी. बाई यंत्रमागाच्या घरात वाढलेली. माग चालू असताना घरातलं सगळं बोलणं ओरडूनच होतं, त्यामुळं समोरच्याला ऐकू येत नाही असं गृहीत धरूनच त्या बोलायच्या. "फळा पुसा" हे त्यांनी जिन्याखाली म्हटलं की वरच्या मजल्यावर इतिहासवाले फळा पुसायचे, अशी एक दंतकथा होती. मी ती खोटी मानत नाही.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्यांनी नावं विचारलीच नाहीत, गावं विचारली. त्या दिवसापासून मी 'मंगळवेढा' झाले, माझ्या शेजारची 'होटगी', आणि पुढच्या बाकावरचा लंबू 'बार्शी'. रफिक तांबोळी एकटाच सोलापूर शहरातला, म्हणून त्याला तेवढी नावानं हाक.

"नाव काय, आईबाप ठेवतेत," मॅडम म्हणाल्या. "गाव कळलं की माणूस घरात कसं बोलतंय ते कळतंय. शिकवायला तेच लागतंय."

माझा पहिला सराव पाठ शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत होता. पाचवीचा वर्ग. मुलं बहुतेक विणकरांच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. मी आठवडाभर टाचण लिहिलं होतं. टाचण म्हणजे पाठाचा कागदावरचा आराखडा. त्याची छापील वही मिळते. तिच्यात एका रकान्यात शिक्षकानं काय विचारायचं ते लिहायचं, आणि शेजारच्या रकान्यात 'विद्यार्थ्यांचे अपेक्षित उत्तर'. थोडक्यात, मुलं काय बोलणार तेही आपणच आधी लिहून न्यायचं. मला त्यात तेव्हा काहीही विचित्र वाटलं नव्हतं. सगळेच लिहीत होते, आणि खरं सांगायचं तर आधीच्या बॅचच्या वह्यांतून उतरून काढत होते.

पाठ माझ्या मते फर्मास झाला. मी विचारत होते, पहिल्या बाकावरची तीन पोरं हात वर करत होती, आणि वहीत लिहिलेलंच उत्तर देत होती. शेवटी मी 'आज आपण संख्यांचे वाचन व लेखन अभ्यासले' असं साखरेच्या आवाजात म्हटलं आणि मागच्या बाकाकडं पाहिलं. मॅडम उठून पुढं आल्या.

"नाटक चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे संवाद पाठ होते."

मग त्यांनी खिडकीजवळच्या एका मुलीला बोलावलं. तास संपेपर्यंत ती मला दिसलीसुद्धा नव्हती. भाग्यश्री तिचं नाव. मॅडमनी तिच्या हातात खडू दिला आणि म्हणाल्या, "एकोणऐंशी लिही बरं."

पोरीनं लिहिलं, ८९.

वर्ग फिदीफिदी हसला. मी पुसायला डस्टर उचललं. तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "शाबास!" ती पोर दचकून एक पाऊल मागं सरली.

"कुठून आणलंस गं हे?"

भाग्यश्री आधी जमिनीकडं बघत राहिली. मग पुटपुटली, "एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस... सगळ्यात नऊ येतंय मॅडम. मग एकोण म्हंजे नऊ. आन् ऐंशी तर ऐंशीच की."

"घरात काय म्हणतेत ह्याला?" असं म्हणून मॅडमनी फळ्यावर ७९ लिहिले.

"डेब्बै तोम्मिदी."

"सत्तर नऊ," मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या. "घरात सरळ सत्तर नऊ म्हणणारी पोरगी. तिला आपण 'ऐंशीला एक कमी' म्हणायला लावतो, आणि ते कमी कशातनं करायचं ते सांगत न्हाई. तरी तिनं एकटीनं बसून एक नियम काढला. तुझ्या तासाला, मंगळवेढा, तू तिला एक प्रश्न विचारला न्हाईस."

मला राग आला. चांगलाच आला. पहिला पाठ, समोर चाळीस पोरं, आणि ही बाई माझी अब्रू काढते म्हणजे काय! परत येताना मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्या रिक्षात बसून एका जाड रजिस्टरात काहीतरी लिहीत होत्या.

त्या रजिस्टराबद्दल सांगायला हवं. त्यात मॅडम पोरांच्या चुका गोळा करायच्या. मुलाचं नाव, शाळा, काय लिहिलं, आणि शेवटी 'कारण', तेही मुलानं स्वतः सांगितलेलं, त्याच्याच शब्दांत. बरोबर उत्तर त्यात कुठंच नसायचं. ते पुस्तकात छापलेलं आहे, मी कशाला हात दुखवून घेऊ, असं म्हणायच्या. एका पानावर मी वाचलं होतं: सव्वाशे बरोबर १००¼. कारण: 'सव्वा म्हंजे वर पाव, शे म्हंजे शंभर, आमच्या दुकानात असंच हाय.' दुसऱ्या एकानं शून्य पूर्णांक पंचवीसला शून्य पूर्णांक पाचपेक्षा मोठं ठरवलं होतं, कारण पंचवीस पाचाला कधीही भारी. वाचता वाचता तुम्ही हसायला लागता, आणि तीनचार पानं झाली की हसू थांबतं. कारण पोरगं म्हणतंय त्यात खोट काय, हे तुम्हाला चटकन सांगता येत नाही. मला तरी यायचं नाही.

"उत्तर चुकत नसतंय," मॅडमचं एक पेटंट वाक्य होतं. "ते दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतंय. तो प्रश्न हुडका. त्याच्यासाठी आपल्याला खुर्ची दिलीय."

एकदा विभागाबाहेरच्या टपरीवर चहा पिताना होटगीनं त्यांना विचारलं, हे चुकांचं वेड तुम्हाला लागलं कुठून. मॅडमनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि बाजारातली गोष्ट सांगावी तशी सांगितली. पाचवीत असताना त्यांनीही एकोणऐंशीचे ८९ लिहिले होते. मास्तरांनी फळ्याजवळच कानाखाली दिली.

"लागलं का मॅडम?" होटगीनं विचारलं.

"मार काय गं, घरी पण खात होतो. वाईट एवढंच वाटलं, की त्यांनी विचारलं न्हाई, हे आणलंस कुठनं. मी दोन दिवस बसून काढलेला नियम होता तो." त्यांनी बशी खाली ठेवली. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "कुणाला विचारायचंच नसंल तर शाळा कशाला काढली? नुसती पुस्तकं वाटा की घरोघर!"

टपरीवाल्यानं आमच्याकडं पाहिलं. त्याला वाटलं चहाबद्दल तक्रार आहे.

तर, तो रकाना. मॅडमचा सगळा दावा त्या एका रकान्याशी होता. दुसऱ्या सराव पाठाआधी त्यांनी आम्हा सातही जणांना सांगितलं, 'अपेक्षित उत्तर' कोरं ठेवायचं. पाठ झाला, की वर्गातच बसून त्यात पोरं प्रत्यक्षात काय बोलली ते लिहायचं. तेलुगूत बोललं तर तेलुगूत. "मला म्हाईत न्हाई" असं म्हणालं, तर तेच. मूल काहीच बोललं नाही, तर 'काहीच बोलले नाही' असं लिहायचं, आणि खाली आपलं नाव.

हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. छापील रकाना कोरा घेऊन वर्गात शिरताना मी दारातच वही दोनदा उघडून बघायचे. समोरची पोरं काय म्हणतील ते मला माहीत नव्हतं, आणि त्याचं टाचण कुणाच्याच वहीत नव्हतं. पण दोनतीन महिन्यांत काहीतरी बदललं. मी प्रश्न विचारून गप्प उभी राहायला शिकले. मंगळवेढ्याच्या माणसाला गप्प राहायला शिकवणं ही लहान गोष्ट नव्हे.

आमचे विभागप्रमुख घोडके सर भले माणूस. मी त्यांची खलनायक म्हणून बदनामी करणार नाही. ते कुणाशी वाकडं बोलायचे नाहीत, आणि विद्यार्थ्यांच्या अडचणीला उभे राहायचे. पण त्यांचा जीव विहित नमुन्यात होता. वह्या तपासताना त्यांना आमचे कोरे रकाने दिसले, आणि त्यांनी मॅडमना बोलावलं. मी तेव्हा रजेचा अर्ज घेऊन बाहेर उभी होते. दार लावलेलं होतं, पण मॅडम आत असल्या की दाराचा काही उपयोग नसे. सरांचं बोलणं ऐकायला मात्र मला दाराला कान लावावा लागला, आणि मी तो लावला.

"मॅडम, नवी पोरं आहेत. त्यांना हाताशी आधार लागतो. पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतोच ना आपण?" सर म्हणाले.

"डबा बांधा की सर. पण विहिरीत उडी मारायच्या आधीच पोहून झालं म्हणून कशाला लिहून घेताय?"

 मग सरांनी खरं काय ते सांगितलं. मॅडमची नेमणूक दर वर्षी अकरा महिन्यांची. दर वर्षी नवी ऑर्डर निघायची तेव्हा त्या परत यायच्या. अशी किती वर्षं गेली ते त्यांनी मोजणंही सोडलं होतं. वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येतात. 'वह्या नमुन्याप्रमाणे नाहीत' असा शेरा त्यांनी मारला, तर पुढची ऑर्डर काढणं आपल्या हातात राहणार नाही, असं सर म्हणाले. आणि ते धमकी देत नव्हते, विनवत होते. त्यांच्या आवाजावरून ते कळत होतं.

चार दिवसांनी मॅडमना रीतसर पत्र आलं: विहित नमुन्याचे पालन का केले जात नाही, याचा लेखी खुलासा करावा. मॅडमनी खुलासा टाचण वहीच्याच एका पानावर लिहिला. डाव्या रकान्यात सरांचा प्रश्न जसाच्या तसा. उजवीकडं 'अपेक्षित उत्तर' या छापील शब्दांखाली: 'चूक झाली, पुन्हा होणार नाही.' आणि त्याच्याखाली एक ओळ सोडून, हातानं: 'प्रत्यक्ष उत्तर: पुन्हा होईल.'

ते पान ऑफिसात तीन दिवस टेबलावरून टेबलावर फिरलं. शिपायापासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांनी वाचलं. कुणी म्हणालं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. आम्ही मात्र छाती काढून फिरत होतो. आमची मॅडम!

पण वार्षिक पाठ जवळ आले तशी आमची छाती आत जायला लागली. मॅडम गेल्या तर काय, हा प्रश्न आम्ही आपसात विचारायचो आणि विषय बदलायचो. शेवटी रफिकनं तोंड उघडलं. बार्शीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय बे, सोपं हाय की. दोन वह्या करू. एक मॅडमची, खरी. एक परीक्षकाला दाखवायला, नमुन्यातली. मॅडमना पत्ता लागत न्हाई, परीक्षक खूश, ऑर्डर निघतीय. कुणाचं काय गेलं?"

मला ते पटलं. लपवून काय उपयोग, मला ते लगेच पटलं. एका रविवारी आम्ही वाचनालयात बसलो. आधीच्या बॅचच्या एका हुशार मुलीच्या वहीचे फोटो सगळ्यांच्या फोनवर होतेच. त्यातली उत्तरं भराभर नव्या वह्यांत उतरवली. माझं अक्षर बरं म्हणून मी माझी धरून तीन वह्या लिहिल्या. लिहिताना आम्हाला वाटत होतं, आम्ही फार मोठं काम करतोय. बाईला वाचवतोय.

वार्षिक पाठाच्या दिवशी रफिकचा पाठ होता वर्तुळावर, सातवीच्या वर्गात. परीक्षक बाहेरगावचे, थकलेले, तिसऱ्या शाळेवरून आलेले. रफिकनं कागदाचं एक वर्तुळ कापून दिलं आणि विचारलं, याचा मध्य कसा शोधाल. आणि गप्प उभा राहिला. वर्गही गप्प. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मग मागून एक पोरगं म्हणालं, "चपातीची घडी घालायची सर, परत एक घडी घालायची. टोक येतंय तितं मध्य." त्यानं घडी घालून दाखवली. मध्य बरोबर सापडला होता. मॅडम मागच्या बाकावर बसून रजिस्टर न उघडता नुसत्या ऐकत होत्या. चुकेबिगर त्यांना एवढं खूश झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

सगळे पाठ संपल्यावर शाळेच्या शिक्षक खोलीत वह्या तपासायला बसले. परीक्षकांनी भराभर पानं उलटली, सह्या केल्या, आणि म्हणाले, "घोडके सर, वह्या उत्तम. सातही नमुन्याप्रमाणे. मुलांची उत्तरं अगदी आदर्श आहेत."

घोडके सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला, की मला त्यांची दया आली. त्यांनी मॅडमकडं कृतज्ञतेनं पाहिलं. त्यांना वाटलं, बाई शेवटी ऐकली. मॅडमना मात्र काही कळेना. त्यांनी हात लांब करून वरची वही ओढली. ती रफिकची होती. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. आणि उभं राहून, नेहमीच्या आवाजात, मोठ्यानं वाचायला लागल्या.

"शिक्षक: वर्तुळाच्या मध्यापासून वर्तुळापर्यंतच्या अंतराला काय म्हणतात? विद्यार्थ्यांचे अपेक्षित उत्तर: हरितद्रव्य."

करायला गेलो गणपती, झाला मारुती. त्या हुशार मुलीची दुसरी पद्धत विज्ञान होती. फोनवर बोट सरकवताना रफिककडून दोन फोटो एकदम पुढं गेले, आणि गणिताच्या प्रश्नांसमोर वनस्पतींची उत्तरं येऊन बसली. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. परीक्षकांनी तर त्याच्याखाली सही केली होती.

"नजरचूक झाली असेल," परीक्षक चष्मा पुसत म्हणाले.

"नजरचूक न्हाई सर. नजर पडलीच न्हाई. ह्या पोरांची न्हाई, तुमची पण न्हाई. कुणी वाचतच न्हाई हे, म्हणून तर म्हणते!"

घोडके सर हळूच म्हणाले, "मॅडम, बसा. सही झालीय."

मॅडमना एवढंच करायचं होतं, खाली बसायचं. सही झालेली होती, शेरा उत्तम होता, जूनमध्ये ऑर्डर निघाली असती. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि मॅडमनाही माहीत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बसा ओ मॅडम, एकदा बसा. मी एवढ्या कळकळीनं देवालाही कधी काही मागितलं नव्हतं.

त्या बसल्या नाहीत. आम्ही आधीच त्यांच्याकडं तपासायला दिलेल्या सात खऱ्या वह्या त्यांनी पिशवीतून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"ह्या वह्या खऱ्या हायत. त्या खोट्या. सही खोडा," त्या परीक्षकांना म्हणाल्या. "पाठाचे मार्क मात्र पाठाला द्या. पोरांनी पाठ खरा घेतलाय, तुम्ही डोळ्यांनी बघितलाय. वह्यांचा शेरा माझ्या नावावर मारा. माझी पोरं हायत, तर दोष पण माझाच."

परीक्षक माणूस वाईट नव्हता. त्यानं खऱ्या वह्या उघडल्या आणि बराच वेळ वाचल्या. एका ठिकाणी हसला, एका ठिकाणी मला विचारलं, "हे मूल खरंच असं बोललं?" मी हो म्हटलं. मग त्यानं पेनाचं टोपण काढलं, आम्हाला पाठाचे चांगले मार्क दिले, आणि खाली लिहिलं: टाचण वह्या विहित नमुन्यात नाहीत. सरांनी ते वाचलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

बाहेर व्हरांड्यात आम्ही सात जण भिंतीला लागून उभे होतो. मॅडम आल्या. शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुणी सांगितलं तुमाला, मी बुडतेय म्हणून?" त्यांनी विचारलं.

बार्शी बुटाच्या टोकानं फरशी खरवडत राहिला.

"आणि वाचवायचंच होतं, तर खरी वही घेऊन माझ्या शेजारी उभं राहायचं. माझ्या पाठीमागं जाऊन कशाला लपला?"

रफिक रडायला लागला. तेवीस वर्षांचा बाप्या, हुंदके देऊन. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं, रजिस्टर काढलं, भिंतीला टेकवून उभ्या उभ्या लिहिलं, आणि त्याच्यापुढं धरलं. सगळ्यांनी वाचलं. रफिक तांबोळी. त्रिज्या बरोबर हरितद्रव्य. कारणाच्या जागी त्यांनी काही लिहिलं नव्हतं. पेन त्याच्या हातात दिलं. रफिकनं नाक पुसलं आणि लिहिलं, 'भिलो.' मॅडमनी ते वाचून मान हलवली आणि रजिस्टर पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, चला, बस चुकेल.

जूनमध्ये ऑर्डर निघाली नाही. गणित पद्धती विज्ञानवाल्या सरांकडं गेली, त्यांच्या विज्ञानाला जोडून. आम्ही सातही पास झालो. मला होटगी गावाजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. इथं मी एक गोष्ट कबूल करते. शाळेत माझं टाचण छापील रकाने भरूनच असतं, मुख्याध्यापकांना दाखवायला. मॅडमएवढी छाती मला नाही. पण वर्गात ती वही मी उघडत नाही, आणि माझ्या वर्गातलं पोर फळ्यावर चुकलं तर बाकीच्यांना हसू देत नाही. त्यावरून दोन पालकांशी भांडलेय. वेळ आली तर तिसऱ्याशीही भांडेन.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या वर्षी. पदवी प्रमाणपत्रात माझं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून घ्यायला विद्यापीठात गेले होते. विभागाच्या व्हरांड्यात खुर्च्यांची रांग होती. इस्त्रीचे शर्ट, नव्या फायली, घामेजलेली तरुण पोरं. पीएच.डी.साठी आपापला विषय समितीपुढं मांडायला आलेली. आणि त्यांच्यात मधोमध, चिट्याल मॅडम. केस बरेच पांढरे झाले होते.

"मॅडम, तुम्ही इथं?"

"का? माझं शिकायचं वय संपलं का, मंगळवेढा?"

"तसं नाही. पण आत घोडके सर आहेत."

"म्हणून तर आले. मास्तरला ऑर्डर लागतीय, ती त्यांनी काढली न्हाई. विद्यार्थ्याला ऑर्डर लागत न्हाई. त्याला घ्यावं लागतंय आणि शिकवावं लागतंय." त्या हसल्या. शेजारचा मुलगा घाबरून जरा सरकला.

त्यांना आत बोलावलं. दार लागलं. समितीतली माणसं काय विचारत होती ते व्हरांड्यात कुणालाच ऐकू आलं नाही. मॅडमचं मात्र सगळ्यांना आलं.

"निष्कर्ष आत्ताच कसा लिहून देऊ सर? अजून पोरांना विचारलंच न्हाई की!"

परत काहीतरी पुटपुटणं. परत मॅडम.

"नमुन्यात 'अपेक्षित निष्कर्षा'चं पान हाय म्हणून काय झालं?"

दहा मिनिटांत त्या बाहेर आल्या. फाईल काखेत, पदर खोचलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "न्हाई म्हणले." आणि माझ्यासाठी न थांबता सरळ ऑफिसच्या खिडकीशी गेल्या. मी मागोमाग.

खिडकीतल्या कारकुनाला त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षीचा अर्ज कुठं भरायचा?"

"ऑनलाइन, मॅडम. पण लिंक अजून उघडलेली नाही."

"कधी उघडतीय?"

"सहा महिने तरी लागतील."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खिडकीसमोरचा बाक पदरानं झटकला. "मग बसते."

आणि बसल्या.